बारशाच्या आदल्या दिवशी मलूल झालेले बाळ: खानापूर तालुक्यातील नवजात हर्पीसचे एक प्रकरण

अकरा दिवसांची मुलगी, वजन ३ किलो, सकाळपासून दूध ओढत नाही. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातले गाव, जुलैचा पाऊस, दुसऱ्या दिवशी बारसे ठरलेले. पाव्हण्यारावळ्यांच्या गर्दीत दृष्ट लागली असेल म्हणून मीठमोहऱ्या उतरवून झाल्या. संध्याकाळी अंग तापले, काखेत ३८.२ अंश सेल्सियस. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात जंतुसंसर्ग धरून अँपिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू झाले. ते चूक नव्हते. एवढ्या लहान, तापलेल्या, मलूल बाळात पहिला संशय जिवाणूंचाच घ्यायचा असतो. दुसरा संशय, हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचा, मात्र कुणी घेतला नाही. बाराव्या दिवशी पहाटे उजव्या हाताला झटके येऊ लागले, ओठ मुरडू लागले, आणि १०८ रुग्णवाहिकेतून बाळ बेळगावच्या नवजात अतिदक्षता विभागात आले.

(हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. बाळ आणि कुटुंब काल्पनिक. आजाराचा क्रम, औषधांचे डोस आणि साथरोगशास्त्राचे आकडे मात्र खरे.)

रक्तातील साखर ७२, कॅल्शियम ठीक. म्हणजे झटक्यांची दोन सोपी कारणे बाद झाली. झटके थांबवायला फिनोबार्बिटोन किलोला २० मिग्रॅप्रमाणे ६० मिग्रॅ, वीस मिनिटांत शिरेतून दिले. हातापायाला दुसरी शीर मिळेना, म्हणून डोक्यावर सलाइन लावायला परिचारिकेने मागचे केस काढले, तेव्हा निदानाचा धागा हाती आला. टाळूच्या मागे, नेमका जिथे प्रसूतीत बाळ ओढून काढायचा व्हॅक्यूमचा कप बसला होता तिथे, लालसर त्वचेवर तीन-चार बारीक पाणीभरले फोड, शेजारी एकदोन फुटून खपली धरलेले.

आजीने ते नवव्या दिवशीच पाहिले होते. घामोळे समजून टाळू भरताना तिथेही खोबरेल चोळले गेले. यात आजीला दोष देण्यासारखे काही नाही. तेलाने चपटे झालेले फोड केसांत डॉक्टरलाही दिसत नाहीत. पण तपासणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी: महिन्याच्या आतल्या आजारी बाळाचे कपडे पूर्ण उतरवायचे, केस बोटांनी फाकवून पाहायचे, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, गुदद्वाराभोवती नजर टाकायची. प्रसूतीत जो भाग आधी बाहेर येतो तिथे फोड आधी उमटतात. डोक्याने जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावर, पायाळू बाळाच्या ढुंगणावर. व्हॅक्यूमच्या कपाने त्वचा खरचटते आणि विषाणूला वाट मिळते.

फोड दिसलेच नसते तर? हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मेंदूत हर्पीस शिरलेल्या बाळांपैकी सुमारे एकतृतीयांशांत आणि सर्व शरीरात पसरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत फोड उठत नाहीत. म्हणून फोडांची वाट पाहणे हाच सर्वांत महागात पडणारा निर्णय. महिन्याच्या आतले बाळ आणि झटके, किंवा यकृताची इजा दाखवणारे रक्तातले एएलटी खूप वाढलेले आणि प्लेटलेट घटलेल्या, किंवा रक्त-कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) कोरे असूनही बाळ ढासळतेच आहे, यांपैकी काहीही असले की हर्पीसवरचे औषध ॲसिक्लोव्हिर सुरू करायचे आणि मग तपासण्यांच्या मागे लागायचे.

पाठीतले पाणी त्याच सकाळी काढले: ६८ पांढऱ्या पेशी, बहुतेक लिम्फोसाइट, प्रथिने १४० मिग्रॅ, साखर ४२. जिवाणूंचा मेंदूज्वर असता तर पेशी बहुधा शेकड्यांनी आणि न्यूट्रोफिलांच्या, साखर बरीच खाली. एएलटी ४६, प्लेटलेट सव्वादोन लाख, म्हणजे आजार यकृतात पसरल्याची खूण नाही. पीसीआरसाठी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) चार नमुने गेले: पाठीतले पाणी, रक्त, फोडाच्या तळाचा स्वॅब आणि पृष्ठभागाचा स्वॅब. पृष्ठभागासाठी एकच स्वॅब आधी डोळ्यांच्या कडा, मग तोंड, मग नाक-घसा आणि सर्वांत शेवटी गुदद्वार अशा क्रमाने फिरवतात. उलट क्रमाने फिरवला तर विष्ठा डोळ्यांत.

नमुने बिघडतात ते इथेच. फोडावर तेल असेल तर निर्जंतुक सलाइनने हलके पुसावे. स्पिरिट लावले तर विषाणूच मरतो. फोड निर्जंतुक सुईने उघडून तळाच्या पेशी स्वॅबवर घासून घ्यायच्या, नुसते वरचे पाणी टिपून भागत नाही. स्वॅब सिंथेटिक टोकाचा हवा. लाकडी काडीचा किंवा कॅल्शियम अल्जिनेटचा पीसीआरमध्ये अडथळा आणतो. तो विषाणू-वाहक द्रवात बुडवून बर्फाच्या डब्यातून पाठवायचा. पाठीतल्या पाण्याचा अर्धा ते एक मिली पीसीआरसाठी आधीच वेगळा ठेवायचा. सगळे पाणी पेशी मोजण्यात आणि कल्चरमध्ये संपल्यावर "पीसीआरला उरलेच नाही" असे ऐकू येणे नेहमीचे.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. पाठीतल्या पाण्यात आणि फोडात हर्पीस सिम्प्लेक्स प्रकार २ (प्रकार १ बहुधा ओठांवर उठतो, प्रकार २ बहुधा जननभागावर), रक्त कोरे. मेंदूच्या एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल, म्हणजे कानशिलाकडच्या, भागात सूज.

इथे एका तपासणीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. रेफरल चिठ्ठीसोबत बाळाचा "टॉर्च पॅनेल" (गर्भात लागू शकणाऱ्या संसर्गांची एकत्र रक्ततपासणी) अहवाल आला होता: हर्पीसविरुद्धची आयजीएम प्रतिद्रव्ये (नव्या संसर्गाची) निगेटिव्ह, आयजीजी (मुरलेल्या संसर्गाची) पॉझिटिव्ह. त्यावर कुणीतरी पेनने लिहिले होते, हर्पीस नाही. या तपासणीने नवजात हर्पीस ना ठरतो, ना वगळता येतो. आयजीजी आईकडून वारेवाटे आलेले असते. आयजीएम बाळ उशिरा बनवते, आणि चाचणीही भरवशाची नाही. या बाळात तर पॉझिटिव्ह आयजीजी निव्वळ आईच्या जुन्या प्रकार १ चे होते. ज्या प्रकार २ ने बाळ आजारी पडले त्याच्याविरुद्धचे एकही प्रतिद्रव्य त्यात नव्हते. टॉर्चसाठी घालवलेले पैसे पीसीआरला लावावेत.

औषधाचे गणित असे. ॲसिक्लोव्हिर दर खेपेला किलोला २० मिग्रॅ, दर ८ तासांनी. तीन किलोला ६० मिग्रॅ, दिवसाला १८० मिग्रॅ. २५० मिग्रॅची कोरडी कुपी १० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवली की मिलीला २५ मिग्रॅ होते. त्यातले २.४ मिली काढून ९.६ मिली सलाइनमध्ये मिसळले की १२ मिली, मिलीला ५ मिग्रॅ. हे सिरिंज पंपावर तासाला १२ मिलीच्या वेगाने, पूर्ण एक तासात. घाईने ढकलले तर मूत्रपिंडाच्या नलिकांत औषधाचे स्फटिक जमतात आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) चढते. म्हणून बाळ कोरडे पडू द्यायचे नाही आणि क्रिएटिनिन सुरुवातीला व नंतर आठवड्यातून दोनदा पाहायचे. दोन दिवसांत रक्त-कल्चर कोरे आल्यावर जेंटामायसिन थांबवले. ते आणि ॲसिक्लोव्हिर, दोन्ही मूत्रपिंडावरच भार टाकतात.

द्रावण चांगलेच अल्कधर्मी असते. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडी जळते, तेव्हा पंप चालू असताना जागेवर नजर हवी. विरघळवलेली कुपी फ्रिजमध्ये ठेवायची नाही, स्फटिक खाली बसतात. ती १२ तासांत वापरायची. म्हणजे निर्जंतुक हाताळली तर एका कुपीत दोन डोस. एकवीस दिवसांचे ६३ डोस, म्हणजे किमान ३२ कुप्या. हा हिशेब पहिल्याच दिवशी औषध भांडाराला कळवावा, नाहीतर दहाव्या दिवशी साठा संपतो आणि मुलाला तोंडाने औषध देऊन घरी पाठवण्याचा मोह होतो. तोंडाने दिलेले ॲसिक्लोव्हिर फार थोडे शोषले जाते. त्यावर मेंदूतला हर्पीस आटोक्यात येत नाही.

मुदत किती? आजार फक्त त्वचा, डोळे आणि तोंडापुरता असेल तर १४ दिवस, मेंदूत किंवा सर्वांगात असेल तर २१. जुन्या पुस्तकांत दिवसाला किलोला ३० मिग्रॅ असा डोस सापडतो, तो वापरू नये. मोठ्या डोसानंतर सर्वांगात पसरलेल्या आजारातले मृत्यू उपचाराविना असलेल्या सुमारे ८५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास आले, मेंदूच्या आजारातले ५० वरून ५ टक्क्यांच्या आसपास. जगलेल्यांची कथा वेगळी आहे. मेंदूच्या आजारातून वाचलेल्या बाळांपैकी वर्षाच्या अखेरीस विकास व्यवस्थित असणारी जेमतेम तीसएक टक्के. औषध विषाणू थोपवते, जळालेला मेंदू परत देत नाही. त्यामुळे अकराव्या दिवसाची संध्याकाळ आणि बाराव्या दिवसाची सकाळ यांतले बारा तास मोजायचे असतात.

आता संसर्ग आला कुठून? आईला विचारले होते: अंगावर कधी फोड, हर्पीस वगैरे? नाही म्हणाली. ते उत्तर खरेही होते. बाधित बाळांच्या बहुसंख्य मातांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नसते. पण प्रश्न विचारायची पद्धतही फसली होती. विचारणाऱ्या परिचारिकेला मराठी बेताचे, आईला कानडी जेमतेम, आणि मध्ये दुभाषी म्हणून उभ्या सासूबाई. त्यातच "हर्पीस" म्हटले की घरात "नागीण का?" असा प्रतिप्रश्न येतो, कारण कमरेभोवती उठणाऱ्या आणि काव लावून बरे करायच्या आजाराला लोक हेच नाव जोडतात. तो विषाणूच वेगळा.

दुसऱ्या दिवशी मराठी बोलणाऱ्या परिचारिकेने आईला एकटीला, पडद्याआड विचारले: "ताई, आठव्या-नवव्या महिन्यात खाली जखम, फोड, लघवीला जाताना चुरचुर, जांघेत गाठ, ताप, असं काही झालं होतं का?" तेव्हा निघाले. छत्तीसाव्या आठवड्यानंतर चार दिवस ताप, अंगदुखी, लघवीला असह्य आग, दोन्ही जांघांत दुखऱ्या गाठी. एका खाजगी दवाखान्यात लघवीचा संसर्ग म्हणून गोळ्या दिल्या. कुणी तपासून पाहिले नाही. त्यानंतर बारा दिवसांनी, ३८ आठवडे पुरे होऊन दोन दिवसांनी, प्रसूती. पाणमोट फुटून नऊ तास झालेले.

आईच्या रक्तात प्रकार १ ची प्रतिद्रव्ये होती, प्रकार २ ची नव्हती. बारा आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा प्रकार २ चीही आली. अर्थ असा, की तिला तो संसर्ग आयुष्यात पहिल्यांदा झाला तो गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात. शरीराला प्रतिद्रव्ये बनवायला आठवडे लागतात, ती वारेतून बाळापर्यंत पोचायला आणखी वेळ. बाळ मध्येच जन्माला आले, ज्या विषाणूतून ते गेले त्याविरुद्ध पुरेसे संरक्षण न घेता.

नवजात हर्पीसच्या साथरोगशास्त्राचा कणा हाच आहे. अमेरिकेत सिएटल परिसरात १९८२ ते १९९९ या काळात ५८,००० गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. ४०,०२३ जणींच्या जननमार्गाचे प्रसूतीच्या वेळी विषाणूसाठी कल्चर घेतले. २०२ जणींच्या जननमार्गात विषाणू सापडला, त्यांच्या बाळांपैकी १० आजारी पडली. म्हणजे विषाणू असतानाही सरासरी ५ टक्के. पण सरासरी इथे फसवते. पूर्णपणे पहिला संसर्ग असलेल्या मातांच्या बाळांत धोका ५७ टक्के, प्रकार १ आधीच असून प्रकार २ नव्याने झालेल्यांत २५ टक्के, आणि जुना आजार पुन्हा उफाळलेल्यांत फक्त २ टक्के. आपल्या बाळाची आई मधल्या गटातली. त्याच अभ्यासात सिझेरियन झालेल्या ८५ जणींपैकी एकीचे बाळ बाधित, योनीमार्गे प्रसूत ११७ पैकी नऊ जणींची.

त्यामुळे "बाईला वर्षानुवर्षे हर्पीस आहे" ही माहिती ऐकून घाबरणारे डॉक्टर आणि "कधीच काही नव्हते" ऐकून निर्धास्त होणारे डॉक्टर, दोघेही उलट्या दिशेला निघालेले असतात.

बाधित बाळांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना संसर्ग प्रसूतीच्या वेळी होतो, ५ टक्क्यांना गर्भात, १० टक्क्यांना जन्मानंतर. हे शेवटचे १० टक्के बहुतेक प्रकार १ चे, आणि ते येतात ओठांवरून. ओठाच्या कडेला तापाचे फोड असलेला मामा, आत्या, शेजारीण, कुणीही. पाचवीपासून बारशापर्यंत बाळ किती हातांतून आणि किती मुक्यांतून जाते, ते सीमाभागातल्या कोणत्याही घरात पाहून घ्यावे. ज्याच्या ओठावर फोड आहे त्याने बाळाला घ्यायचे नाही. आईच्याच ओठावर असेल तर तिने हात धुवून, मास्क लावून पाजायचे, मुके घ्यायचे नाहीत. स्तनावर फोड नसेल तर अंगावरचे दूध तोडायचे कारण नाही.

आजार सुरू होण्याची वेळही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्वचेचा आणि सर्वांगाचा आजार साधारण दहाव्या ते बाराव्या दिवशी दिसतो, मेंदूचा सोळाव्या ते एकोणिसाव्या दिवशी. आपले बाळ थोडे आधीच आले. संस्थेत प्रसूती झाली तर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. म्हणजे त्वचेच्या आणि सर्वांगाच्या आजाराचे दिवस सातव्या आणि चौदाव्या दिवसाच्या भेटींच्या मधल्या खिंडीत पडतात. सातव्या दिवशी "बाळ छान आहे" असे कार्डावर लिहिलेले असणे यात म्हणून काही नवल नाही. त्या भेटीत घरच्यांना एवढे सांगून ठेवले तरी पुरे: पाण्याचा फोड दिसला, दूध सुटले किंवा झटका आला तर चौदाव्या दिवसाची वाट पाहू नका.

बेळगाव जिल्ह्यात अशी बाळे किती असतील? नवजात हर्पीसची नोंद सक्तीची असलेल्या आजारांत आपल्याकडे होत नाही. न्यूयॉर्क शहराने ती २००६ पासून सक्तीची केली. जागतिक अंदाज एक लाख जन्मांमागे साधारण १० बाळे असा आहे, वर्षाला सुमारे १४,०००. अमेरिकेतले अंदाज ३,२०० जन्मांत एक ते १०,००० जन्मांत एक असे पसरलेले आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४७.८ लाख होती. दर हजारी १६ जन्म धरले तर वर्षाला पाऊण लाखाच्या आसपास बाळे, आणि जागतिक सरासरी लावली तर त्यांत सात-आठ. ही मोजणी नव्हे, कागदावरचा हिशेब आहे. पण निदान न होणारी ही बाळे कोणत्या शीर्षकाखाली नोंदली जात असतील, हे ओळखणे अवघड नाही: "सेप्सिस, कल्चर निगेटिव्ह".

पुढे चित्र बदलणार आहे. आपल्याकडे बहुतेकांना प्रकार १ लहानपणीच होतो, आणि आईची ती जुनी प्रतिद्रव्ये बाळाला काही प्रमाणात सांभाळतात. घरे सुधारतात, कुटुंबे लहान होतात, तसतशा अधिक मुली प्रकार १ शी गाठ न पडताच लग्नाच्या वयात येतात. त्यांना तो पहिल्यांदा तोंडावाटे जननभागाकडे आला आणि नेमका गरोदरपणात आला, तर धोका पहिल्या गटाचा. पाश्चात्त्य देशांत हे घडून गेले आहे.

नवऱ्याबद्दल. तो पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा, त्याला कधीच लक्षण नव्हते. लक्षण नसतानाही विषाणू बाहेर पडत राहतो, आणि तो किती वर्षांपूर्वीचा हे कोणत्याही तपासणीने सांगता येत नाही. म्हणून "हे केव्हाचे आणि कुणाकडून" या प्रश्नात डॉक्टरने शिरू नये. निदान नवरा-बायको दोघांनाच, बंद खोलीत सांगितले. सासरच्या मंडळींना "विषाणूचा मेंदूज्वर" एवढेच. या सावधगिरीचे फळ व्यवहारी आहे: जिच्यावर बोट रोखले जाते ती पुढच्या भेटीला येत नाही.

एकविसाव्या दिवशी पुन्हा पाठीतले पाणी काढले, पीसीआर निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आला असता तर शिरेतून आणखी आठवडाभर, मग पुन्हा तपासणी. त्यानंतर तोंडाने ॲसिक्लोव्हिर सहा महिने, शरीराच्या पृष्ठफळाच्या चौरस मीटरला ३०० मिग्रॅ, दिवसातून तीनदा. वजन ३.४ किलो, पृष्ठफळ सुमारे ०.२२, म्हणजे साधारण ६५ मिग्रॅ. ५ मिलीत ४०० मिग्रॅ असलेल्या सिरपचे ०.८ मिली. चमच्याने नव्हे, एक मिलीच्या सिरिंजने मोजून. बाळ वाढते तसा डोस दर महिन्याला वाढवावा लागतो, आणि हेच सर्वांत जास्त विसरले जाते. या औषधाने न्यूट्रोफिल घटू शकतात, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात व नंतर दर महिन्याला रक्त. ५०० च्या खाली गेले तर औषध थांबवून डॉक्टरांना गाठायचे.

या बाळाची अडचण वेगळीच होती. माहेर खानापूर तालुक्यात, सासर सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. पहिले बाळंतपण माहेरी, तिसऱ्या महिन्यात बाळंतीण सासरी. कर्नाटकातले तायी कार्ड कानडीत, महाराष्ट्रातले माता-बाल संरक्षण कार्ड मराठीत, आशा दोन, दोन्हीकडच्या यंत्रणा आपापल्या. सहा महिन्यांच्या औषधातले निम्मे महिने सीमेपलीकडे जाणार. म्हणून डिस्चार्जच्या वेळी एक पान मराठीत आणि त्याचीच प्रत इंग्रजीत लिहून दिली: निदान, वजनानुसार पुढच्या प्रत्येक महिन्याचा डोस, रक्ताच्या तारखा, डोळे आणि कान तपासण्याची वेळ, फिट आली तर काय. चंदगडकडच्या आशाला फोन डिस्चार्जच्या दिवशीच, आईसमोर.

आईच्या दोन्ही कार्डांवर आणखी एक नोंद झाली, शिक्क्याशिवाय, फक्त "एचएसव्ही-२, जुना" (हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू, प्रकार २) एवढ्या अक्षरांत. पुढच्या गरोदरपणात ३६ व्या आठवड्यापासून ॲसिक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा. कळा सुरू झाल्यावर चांगल्या उजेडात तपासणी. जखम दिसली किंवा फोड येण्याआधीची चुरचुर जाणवली तर सिझेरियन, शक्यतो पाणमोट फुटण्याआधी. जखम नसेल तर नेहमीची प्रसूती, फक्त व्हॅक्यूम आणि ठोके पाहायला बाळाच्या डोक्याला लावायचा इलेक्ट्रोड टाळून. तेव्हा तिचा आजार जुना असेल, आणि बाळ तिची प्रतिद्रव्ये घेऊन येईल.